वाकडी सिगार आणि आईच्या छाट विड्या

लोकलमध्ये लटकत ऐकताय की जेवून अंथरुणात पडून? कसंही ऐका. आज मी एका वाकड्या सिगारबद्दल बोलणार आहे, आणि बोलता बोलता सोलापूरला, माझ्या घरी पोचणार आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. ही जाहिरात नाही, ब्रँडचं नाव मी घेणार नाही. आणि सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून ती चालते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. धूर तोंडात फिरतो, निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं आणि तोंडाचा कॅन्सर सिगारनेही होतो. माझ्यासाठी हा कामाचा भाग होता, म्हणून सांगतोय.

तर, मी क्रूझ जहाजावर बारमध्ये कामाला आहे. जहाजावर सिगार लाउंज आहे. पाहुण्याला सिगार सुचवायची तर ती कशी आहे हे आपल्याला माहीत पाहिजे, म्हणून अधूनमधून आमचं टेस्टिंग असतं. समोर एक फॉर्म असतो. दिसणं, बांधणी, ड्रॉ, जळणं, चव. प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे.

जहाज बार्सिलोनाला लागलं होतं. सुपरवायझरने टेबलावर जे ठेवलं ते बघून मला हसूच आलं. तीन बारीक सिगारी, वेणी घातल्यासारख्या एकमेकींत पिळलेल्या, रिबिनीने बांधलेल्या. मी म्हटलं, "कुणी बसलं होतं का यांच्यावर?"

याला कुलेब्रा म्हणतात. स्पॅनिशमध्ये कुलेब्रा म्हणजे साप. ही क्यूबाची होती. आधी तीन सरळ सिगारी वळतात. आत भरायची पानं म्हणजे त्रिपा, ती बांधून ठेवणारं पान म्हणजे कापोते, आणि सगळ्यात वरचं देखणं पान म्हणजे कापा. पानं ओलसर असतानाच तिघींना एकत्र पिळतात, बांधतात आणि तशाच सुकू देतात. मग सोडवल्या तरी वाक कायम राहतो. ओढताना मात्र तिन्ही वेगळ्या करायच्या. तिघांत मिळून एक वेणी, अशी रीत. आम्ही तिघेच होतो, मी, एक गोव्याचा आणि एक मनिलाचा.

सिगारवाल्यांमध्ये हिची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कारखान्यात कामगारांना रोज स्वतःसाठी तीन सिगारी मिळायच्या. पण बाहेर पडताना खिशातली सिगार हक्काची की चोरलेली, हे कसं ओळखणार? म्हणून कामगारांच्या सिगारी मुद्दाम वाकड्या करायच्या. सरळ सापडली, की चोरी. म्हणजे वाकडी ती कामगाराची, सरळ ती मालकाची! आणि आज तीच वाकडी प्रीमियम म्हणून काचेच्या कपाटात.

त्याच क्यूबातली दुसरी गोष्ट तुम्हाला आवडेल. 1865 पासून हवानाच्या कारखान्यांमध्ये एक माणूस उंच जागी बसून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायचा. पेपर, कादंबऱ्या. त्याला म्हणायचे लेक्तोर. हात कामात, कान गोष्टीत. पॉडकास्टच की हो हा! माझी आई रेडिओ लावून विड्या वळायची, तेही तेच.

हो, माझी आई विडी कामगार. माझं लहानपण सोलापुरात विड्यांच्या सुपाशेजारी गेलं. तेंदूपान भिजवायचं, फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. आई म्हणायची, पान ओलं असतं तोवरच ऐकतं. बार्सिलोनात तो सुपरवायझर इंग्रजीत नेमकं हेच समजावत होता आणि मी मनात म्हणत होतो, बाबा रे, हे मला पहिलीपासून माहितीये.

बरं, टेस्टिंग. रिबीन सोडली, हळूहळू उलटा पीळ दिला. घाई केली तर कापा तडकतो. माझी सुटली तशी वळणावळणाची, हातात धरली की टोक भलतीकडेच. न पेटवता वास घेतला, कडब्याच्या गंजीजवळ येतो तसा, कोरडा आणि थोडा गोडसर. टोपी कापली, कोरडाच एक झुरका ओढून बघितला. इथेच शंका आली. हवा नीट येईना. गोव्याच्या मित्राची मस्त मोकळी आणि माझी जाम.

पेटवली. पहिल्या भागात काळी मिरी आणि सुकं लाकूड. मधल्या भागात भाजलेल्या शेंगदाण्याची चव आली, अगदी आपल्या शेंगाचटणीच्या आधी, कढईतल्या शेंगदाण्याची. सगळ्यात छान भाग तो. पण बारीक सिगार लवकर तापते, मिनिटाला एकच झुरका घ्यायचा. माझी जाम होती, मी जोर लावून ओढत होतो, त्यामुळे शेवटचा भाग गरम आणि कडवट झाला. वर, वळणाशी आल्यावर एक बाजू पुढे जळाली आणि दुसरी मागे राहिली. दोनदा लायटर लावून सारखी केली. शेवटी ठेवूनच दिली.

आता फॉर्म. बांधणीला किती? मनात आलं, चार. वाकडी, जाम, एकीकडून जळणारी. पेन टेकवलं आणि मला अचानक विडी कारखान्याचा तो चेकर आठवला.

आई दिवसाला हजार विड्या वळायची. डोक्यावर घेऊन जमा करायला जायची. चेकर बंडल उचलायचा, बघायचा न बघायचा, आणि मूठभर विड्या बाजूला. छाट! त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. आईने एकदा विचारलं होतं, "काय वाईट आहे यात?" तो म्हणाला, "पुढची बाई या." मी तिच्या पदराला धरून उभा होतो.

नंतर कळलं, आपल्याकडे तेव्हा 1966 चा विडी आणि सिगार कामगार कायदा होता. दोघांना एकच कायदा. विड्या किंवा सिगारी नापास करण्यावरून वाद झाला तर तो कसा मिटवायचा, हेसुद्धा त्यात होतं. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आज मी चेकरच्या खुर्चीत. मग मी थांबून एकेक गोष्ट वेगळी केली. वाकडेपणा? तो हाताचा दोष नाही, सिगार अशीच बनवायची होती. वळणाशी असमान जळणं? बरंचसं आकारामुळे, थोडं माझ्या जोराने ओढण्यामुळे. त्याचे मार्क कापायचे नाहीत. जाम ड्रॉ? तीन बहिणींतल्या दोन मोकळ्या आणि एकच जाम, म्हणजे या एकीत पान जास्त दाबून भरलं गेलं. हा मात्र हाताचा दोष. ड्रॉला पाच. बांधणीला सात. चवीला आठ, मधल्या भागासाठी. आणि प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहिलं. फॉर्ममध्ये कारणाला जागाच नव्हती, मी समासात लिहिलं.

सुपरवायझर म्हणाला, "इतकं कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, "मी लिहितो."

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. सिगारचा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "कापणी सुबक आहे रे पानाची. पण असं पिळताना पान फाटत कसं नाही?" मी सांगितलं, ओलं असताना पिळतात. "मग बरोबर," म्हणाली. मग मी माझे मार्क सांगितले, ड्रॉला पाच दिले तेही सांगितलं.

आई एकदम म्हणाली, "म्हणून त्या बाईचे पैसे नाही ना कापले?"

मी कुठे म्हटलं होतं की ती बाई आहे? मी म्हटलं, "नाही गं, सिगार विकून झाली, तिचे पैसे तिला कधीच मिळाले असतील."

"मग ठीक," म्हणाली, आणि जेवलास का विचारायला लागली.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या घरी कुणी विड्या वळत असेल, किंवा नगावर पैसे मिळणारं दुसरं काही काम करत असेल, तर त्यांना एकदा विचारा, माल नापास करताना कारण सांगतात का? उत्तर मला व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू. काळजी घ्या.