हिरव्या पाल्याची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मोठमोठ्या गोष्टी बोलायची पद्धत आहे. मी मात्र आज मूठभर पाल्याविषयी बोलणार आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी वर्षे गेली. तेव्हा आपल्या चुलीवर जे उकळते त्याचेच थोडे रसायन सांगावे, असे मी ठरवले.

हल्ली दुकानात शेवग्याच्या पाल्याची भुकटी मिळते, गुळवेलीचा रस मिळतो, हिरव्या चहाच्या गोळ्या मिळतात. डब्यावर एक भारदस्त शब्द छापलेला असतो : अँटिऑक्सिडंट. कोणीतरी भ्रमणध्वनीवर निरोप धाडते, ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे’, आणि आपण सकाळी उठून अनशेपोटी पेलाभर घेऊ लागतो. प्रयोगशाळेत नेमके काय सिद्ध झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते आज आपण विचारू.

दिवाळीचा चिवडा उघडा राहिला की खवट होतो. हवेतला प्राणवायू तेलाशी संयोग पावतो, त्याचा हा परिणाम. या क्रियेला जो पदार्थ आळा घालतो तो अँटिऑक्सिडंट. आपल्या शरीरातही अशा क्रिया सतत चालू असतात, आणि त्यांत ‘मुक्त मूलक’ नावाचे मोठे उतावळे कण तयार होतात. त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो, म्हणून ते शेजारच्या रेणूकडून काहीतरी ओढून घ्यायला टपलेले असतात. पाल्यातली काही द्रव्ये त्यांना हवे ते देऊन शांत करतात.

ही शक्ती मोजण्याची एक सोपी रीत मार्सडेन ब्लॉइस या शास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केली, आणि ती आजही जगभर वापरतात. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, मद्यार्कात भिजत घालायचा, गाळायचा, आणि मद्यार्क उडवून लावायचा. खाली राहतो तो चिकट अर्क. दुसरीकडे डीपीपीएच नावाच्या पदार्थाचे जांभळे द्रावण तयार ठेवायचे. हा पदार्थ म्हणजे बाटलीत टिकून राहणारा मुक्त मूलकच. त्यात अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवले की, अर्कात शक्ती असल्यास जांभळा रंग उतरतो आणि पिवळा दिसू लागतो. किती उतरला ते यंत्राने मोजतात. निम्मा रंग घालवायला जितका कमी अर्क लागेल तितका तो अर्क जोरदार. तुलनेसाठी बहुधा ‘क’ जीवनसत्त्व घेतात.

परीक्षा चांगली आहे, स्वस्त आहे, कॉलेजातल्या मुलीही ती करतात. पण तिने उत्तर दिले ते एका नळीतल्या रंगाविषयी. तुमच्या-माझ्या प्रकृतीविषयी तिने काहीच सांगितलेले नाही. नळीला जठर नसते, आतडे नसते, यकृत नसते. अर्कातले किती पचते, किती रक्तात जाते आणि यकृत त्याचे काय करते, हे सारे पुढचे प्रश्न. शिवाय परीक्षेला बसला तो मद्यार्कात उतरलेला अर्क. आपण पितो तो पाण्यातला काढा. पाण्यात उतरते ते निराळे, मद्यार्कात उतरते ते निराळे.

अमेरिकेच्या कृषिखात्याने निरनिराळ्या अन्नपदार्थांची अशीच नळीतली शक्ती मोजून मोठी यादी केली होती. २०१२ साली त्यांनीच ती मागे घेतली. त्या आकड्यांवरून माणसाच्या प्रकृतीला काय लाभ होईल ते ठरत नाही, आणि माल खपवण्यासाठी त्यांचा गैरवापर होतो, हे त्यांचे कारण.

याहून बोधप्रद गोष्ट फिनलंडची. तेथे २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. त्यांपैकी काहींना गाजराला रंग देणारे बीटाकॅरोटीन गोळ्यांतून दिले. तेही अँटिऑक्सिडंटच, त्याने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला, तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांत तो रोग सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून कोणी गाजराची कोशिंबीर सोडू नये. गाजर आणि बीटाकॅरोटीनची गोळी या दोन वस्तू आहेत, एवढेच लक्षात घ्यावे.

आता सुरक्षिततेकडे वळू. आपल्या अंगणातल्या कण्हेरीच्या पानांचा अर्कही तो जांभळा रंग उतरवतो. आणि कण्हेर पोटात गेली तर हृदयाची गती बिघडून माणूस दगावतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणजे गुणाची परीक्षा वेगळी आणि विषाची परीक्षा वेगळी. विषाची परीक्षा लांबलचक असते. आधी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर, मग नीतिसमितीच्या परवानगीने उंदरांवर. एकदाच मोठी मात्रा देऊन, आणि मग २८ किंवा ९० दिवस रोज देऊन. त्यानंतर रक्त, यकृत, मूत्रपिंडे तपासतात. इतके झाल्यावर माणसांची पाळी. गर्भारपणाचा विचार तर त्याहूनही स्वतंत्र. ‘अर्क गुणकारी आढळला’ अशी बातमी येते, तेव्हा या पायऱ्यांपैकी बहुधा पहिलीच झालेली असते.

‘झाडपाल्याने काय अपाय होणार?’ असे आपण सहज म्हणतो. २०२० सालच्या करोनाच्या साथीत घरोघर गुळवेल उकळली गेली. ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वनस्पती नीट ओळखली होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल तर नव्हती ना, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे २०२२ साली देशातल्या निरनिराळ्या केंद्रांतील अशा ४३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच यकृतावर उलटण्याचा काहींचा दबलेला विकार गुळवेलीने उफाळून येत असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, आपल्याला घ्यायचा धडा एकच : वेल नीट ओळखल्यावाचून आणि आपली प्रकृती जाणल्यावाचून महिनोन् महिने काढा पिणे बरे नव्हे.

हिरव्या चहाचेही तसेच. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली मत दिले की, कपातून घेतलेला हिरवा चहा सामान्यतः सुरक्षित आहे; पण त्यातले ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेले, तर यकृतावर ताण आल्याची चिन्हे रक्तात दिसतात. पान तेच, मात्रा बदलली की गुण बदलला.

आपल्या आज्यांना हे शास्त्र आपल्या परीने ठाऊक होते. अळू खाजरे म्हणून त्यांनी ते टाकून दिले नाही, आणि कच्चेही खाल्ले नाही. चिंच घालून नीट शिजवले, आणि जेवणात भाजीपुरते वाढले. ओळख, कृती आणि मात्रा, तिन्ही त्यांनी सांभाळल्या.

तेव्हा भगिनींनो, शेवगा, मेथी, अळू, कढीपत्ता ताटात अवश्य राहू द्या. बाटलीतला अर्क हाती आला, तर मात्र चार प्रश्न विचारा. झाड कोणते आणि त्याचा भाग कोणता? अर्क कशात काढला? परीक्षा नळीत झाली की माणसांवर? आणि कोणी घेऊ नये? ज्या गर्भार आहेत, ज्यांना मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्यावाचून असे काही सुरू करू नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर काढा त्याच दिवशी बंद करावा आणि दवाखाना गाठावा. तेथे ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून काढ्याची गोष्ट लपवू नका. बाटली सोबत न्या. डॉक्टरांना कारण कळले, तरच उपाय वेळेवर होतो.

आपण बाजारात भाजीची जुडी उलटीपालटी करून घेतो. तेवढीच चौकशी बाटलीची करावी, इतकीच माझी विनंती आहे.