सरासरीत माझे शेत कुठे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, कर्जावर झाले. मला विषय दिला आहे एका अर्थशास्त्रज्ञाचा. 'अर्थशास्त्रज्ञ' म्हटल्याबरोबर मागच्या ओळीतले दोघे-तिघे चहाला उठले. त्यांना सांगतो, चहा घ्या, पण परत या. ज्या माणसाबद्दल मी बोलणार आहे, त्याने मांडलेल्या गणितावर तुमच्या खात्यात पीकविम्याचे पैसे येतात किंवा येत नाहीत.

प्रा. विनायक महादेव दांडेकर. जन्म १९२० सालचा, सातारचा. निधन १९९५ साली. माणूस मूळचा संख्याशास्त्राचा. आयुष्य गेले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत. १९६६ ते १९८० ते तिथे संचालक होते. सरकारची योजना गावात पोचली की काय होईल, किती माणसांना लाभेल, किती पैसा लागेल, हे आधी मांडायचे आणि योजना झाल्यावर पुन्हा जाऊन मोजायचे, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग.

मुंबई राज्यात १९४८ साली कुळकायदा झाला. दांडेकर आणि खुदानपूर यांनी तो गावोगाव तपासला आणि १९५७ साली अहवाल छापला. कायदा कागदावर होता, गावात त्याची अंमलबजावणी फारशी दिसत नव्हती. कायदा केला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांना तो पहिला चिमटा होता.

मग १९७१ साली दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे भारतातील दारिद्र्यावरचे पुस्तक आले. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक तरी मिळावेत, तेवढे खायला घालणारा खर्च किती, असा त्यांनी हिशेब केला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये निघाले. या रेषेखाली खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली जवळजवळ निम्मी माणसे सापडली. उपाय काय? जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून मागेल त्याला काम द्या, असे त्यांनी लिहिले. इकडे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकाराला येत होती. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी खडी फोडली, नालाबांध घातले. १९७७ साली त्या योजनेचा कायदा झाला. देशाला तसाच कायदा करायला २००५ साल उजाडले.

आता आपल्या दाराशी येऊ. आपला जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. दोनच वर्षांनी, १९८३ साली, राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल मोजायला दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 'मराठवाड्यावर अन्याय झाला' हे आपण सभेत ओरडून सांगत होतो. त्यांनी त्याचे आकडे केले. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज यांची राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला तिथवर आणायला किती पैसा लागेल ते मांडायचे. तो पैसा म्हणजे अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. तेव्हापासून 'अनुशेष' हा शब्द आपल्या तोंडी बसला. तक्रारीला आकडा मिळाला की ती मागणी होते, हे आपण त्यांच्याकडून शिकलो.

पण मोजपट्टी कोणती घ्यायची यावर उत्तर बदलते. जिल्हा हे माप धरले, तर जिल्ह्यातला कोरडा तालुका पाण्याखालच्या तालुक्याच्या सरासरीत झाकला जातो. पुढे विजय केळकर समितीने तालुका हे माप धरायला सांगितले, ते याचसाठी.

हीच गोष्ट पीकविम्याची. १९७२ पासून काही वर्षे देशात एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजून विमा देऊन पाहिला. ३,११० शेतकरी, हप्ता जमला ४ लाख ५४ हजार आणि भरपाई गेली ३७ लाख ८८ हजार. योजना गुंडाळली. दांडेकरांचे म्हणणे असे, की कोट्यवधी लहान शेतांवर जाऊन प्रत्येकाचे नुकसान ठरवणे कुणालाच जमणार नाही. शिवाय ज्याला नुकसानीची खात्री, तोच विमा काढील. म्हणून एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजा. ते पडले तर त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना सारख्या दराने भरपाई द्या. कुणाच्या शेतात पंचनाम्याला जायला नको, कुणाची चिठ्ठी नको, कुणाला चहापाणी नको. १९७९ साली याच पद्धतीने प्रयोग सुरू झाला, १९८५ साली देशव्यापी योजना आली, १९९९ साली दुसरी, २०१६ साली तिसरी. नावे बदलली, पाया दांडेकरांचाच राहिला.

हिशेब सोपा आहे, मायबहिणींनीही डोक्यात ठेवावा. मागल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन सरासरी काढतात. धरून चला, ती एकरी १० क्विंटल आली. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे उंबरठा उत्पादन ७ क्विंटल. पीक कापणी प्रयोगात मंडळाचे उत्पन्न ५ क्विंटल ६० किलो निघाले, तर तूट १ क्विंटल ४० किलो. सातातली एवढी तूट म्हणजे २० टक्के. विमा रकमेच्या २० टक्के तुम्हाला मिळतात.

आता माझे सांगतो. काही वर्षांमागे सप्टेंबरात नाल्याला पूर आला आणि माझे तीन एकर सोयाबीन दोन दिवस पाण्याखाली राहिले. शेंगांना कोंब फुटले. माळावरच्या रानात मात्र त्याच पावसाने पीक साधले. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर गेली. मला छदाम मिळाला नाही. पाणी साचल्याची वेगळी तक्रार ७२ तासांत द्यायची असते, हे मला चौथ्या दिवशी कळले. बायको म्हणाली, "मंडळाला पिकलं म्हणं! मग मंडळाच्याच घरी जेवायला जावा." हसू नका. सरासरीच्या गणितातले सगळ्यात मोठे छिद्र तिने एका वाक्यात दाखवले.

म्हणून दांडेकरांना शिव्या द्यायच्या का? मी देणार नाही. व्यक्तिगत पंचनाम्यात ज्याची ओळख मोठी त्याचे नुकसान मोठे होते, हे आपण पाहिले आहे. सरासरी निदान तोंड पाहत नाही. पण सरासरी खरी ठरायला तीन गोष्टी लागतात. क्षेत्र लहान हवे. कापणी प्रामाणिक हवी. आणि मागची वर्षे नीट धरलेली हवीत. मराठवाड्यात २०१२, २०१४, २०१५, २०१८ असे दुष्काळ पडले. सातातली पाच चांगली म्हटली, तरी निवडायला चांगली वर्षेच उरत नाहीत. उंबरठा खाली येतो, आणि ज्याला सर्वांत जास्त विम्याची गरज त्यालाच तो कमी पुरतो. दुष्काळ एकदा पिकाला खातो, नंतर उंबरठ्याला.

२०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला, स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाई काढून टाकली आणि सगळा भार पीक कापणी प्रयोगावर ठेवला. म्हणजे माझ्यासारख्या नाल्याकाठच्याला ७२ तासांची खिडकीही राहिली नाही.

तेव्हा आपण काय करायचे? आपल्या मंडळाचे मागच्या सात वर्षांचे उत्पन्न कृषी कार्यालयातून लेखी मागा आणि उंबरठा स्वतः काढून पाहा. कापणीचे प्लॉट कोणत्या गटात पडले ते विचारा. कापणीच्या दिवशी गावातले दहा जण बांधावर उभे राहा. वजनकाटा बघा, आकडा वहीत लिहा, तारीख घाला. आणि मागणी अशी करा, की विम्याचे माप मंडळावरून गावावर आणा, आणि नाल्याकाठच्या रानाची सोय पुन्हा लावा.

दांडेकर विद्वान होते, पण त्यांची विद्या बेरीज, भागाकार आणि प्रामाणिक मोजणी यांवर उभी होती. बेरीज-भागाकार तुमच्या पाचवीतल्या पोरीलाही येतो. वही तिच्या हातात द्या. पुढच्या बैठकीला येताना भाषण आणू नका, आपल्या मंडळाचे आकडे घेऊन या.