गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग : जनुकांतील बदल आणि समाजाचे कर्तव्य



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कर्करोगाचा विषय कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या बीड जिल्ह्यातच आहे. २०१९ साली जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची शासकीय पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले, म्हणजे साधारणतः सहा जणींमागे एक. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे नव्हे. परंतु अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक स्त्रियांना 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घालण्यात आली, हे पुढे उघड झाले. दुसरीकडे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होत असताना संकोचापोटी महिनोन्महिने गप्प राहणाऱ्या माता-भगिनीही याच परिसरात आहेत. एकीकडे घाई, दुसरीकडे दडवणूक. दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे हा रोग कसा घडतो याचे अज्ञान.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. लोकभाषेत 'पिशवीचा कॅन्सर' म्हटले जाते, ते वस्तुतः दोन वेगळे रोग आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून होतो. त्याची पूर्वतपासणी करता येते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासाने विषाणूची एकवार केलेली तपासणीही मृत्यू निम्म्याने घटवू शकते, हे २००९ साली जगाला दाखवून दिले. गर्भाशयाच्या आतील अस्तराचा कर्करोग मात्र विषाणूमुळे होत नाही. तो पेशींच्या जनुकांत साचत गेलेल्या बदलांतून जन्मतो.

हे अस्तर दर महिन्याला वाढते आणि झडते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशींना वाढावयास सांगते, तर प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीला आपला सुमारे तीन अब्ज अक्षरांचा जनुकीय ग्रंथ नव्याने उतरवावा लागतो. नकलेत चुका होतात. त्या सुधारणारी दुरुस्ती-जनुकेही निसर्गाने दिली आहेत. तरीही काही चुका राहून जातात. 'पीटेन' नावाचे जनुक वाढीचा ब्रेक आहे. या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात निम्म्याहून अधिक रुग्णांत तो निकामी झालेला असतो. अन्य काही जनुकांत बदल झाला की वाढीचा वेग सुटतो. दुसऱ्या, अधिक उग्र प्रकारात 'पी-५३' हे पेशीचे पहारेकरी जनुक बिघडते. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी जनुकीय खुणांवरून या रोगाचे चार गट पाडले. कोणत्या रुग्णाला कोणते उपचार द्यावेत, हे ठरवताना आता त्या खुणांचाही विचार होतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगावयास हवी. २०२० साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी निरोगी स्त्रियांच्या अस्तराची तपासणी केली, तेव्हा त्यातील पुष्कळ ग्रंथींत कर्करोगाशी निगडित जनुकबदल आढळले. काहींचा आरंभ तर बालपणीच झालेला होता. तरी त्या स्त्रियांना कर्करोग नव्हता. म्हणजे एका बदलाने रोग होत नाही. अनेक बदल एकत्र यावे लागतात, वय वाढावे लागते आणि पोषक परिस्थिती मिळावी लागते. लठ्ठपणात चरबीतून इस्ट्रोजेन तयार होत राहते व त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन अपुरे पडते. मधुमेहानेही धोका वाढतो.

जैन दर्शनाने कार्याच्या मुळाशी काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ असे पाच समवाय मानले आहेत. एकाच कारणावर सर्व भार टाकणे हा एकांत होय. 'तिच्या कर्माचे फळ' म्हणून रुग्ण स्त्रीला मान खाली घालावयास लावणे हाही एकांतच आहे, आणि त्यात पुरुषार्थाचा, म्हणजे वेळीच उपचार करण्याचा, विसर पडतो.

थोड्या कुटुंबांत मात्र जनुकदोष वारशाने येतो. १८९५ साली अमेरिकेतील अॅल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितले की, आपल्या घराण्यात अनेक जण आतड्याच्या वा स्त्री-अवयवांच्या कर्करोगाने गेले, आपलाही अंत तसाच होणार. पुढे त्यांचा मृत्यू गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगानेच झाला. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची नोंद प्रसिद्ध केली. नंतर हेन्री लिंच यांनी अशा कुटुंबांचा अभ्यास पुढे नेला, आणि १९९० च्या दशकात उलगडा झाला की दोष दुरुस्ती-जनुकांत आहे. आज त्याला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे तीन जणींमध्ये तो असतो. हा दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो वडिलांकडूनही तितकाच येतो. म्हणून सोयरीक जुळवताना केवळ मुलीच्या आईकडे बोट दाखवणे अशास्त्रीय आहे, आणि अन्यायाचेही.

अशा सिद्ध झालेल्या कुटुंबात, अपत्ये झाल्यावर, गर्भाशय काढण्याचा सल्ला तज्ज्ञ विचारपूर्वक देतात. तेथे ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. पुराव्यावाचून, केवळ पांढरे जाते म्हणून ऐन तारुण्यात केलेली तीच शस्त्रक्रिया स्त्रीला आयुष्यभर दुबळी करू शकते. सोबत अंडाशयेही काढली तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया एकच, पण ती हितकर की अहितकर हे तिच्यामागील कारणावर ठरते.

मग कर्तव्य काय? रजोनिवृत्तीनंतर एक थेंबही रक्त गेले तर ते लपवू नये. अशा दहा स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दहावी वेळीच कळावी म्हणून तपासणी मात्र टाळू नये. सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय गर्भाशय काढण्यास संमती देऊ नये, आणि शक्य तेथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. कुटुंबात आतड्याचे वा गर्भाशयाचे कर्करोग वारंवार झाले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात आनुवंशिक कर्करोगाविषयी सल्ला मिळतो.

ट्रस्टने पन्नास वर्षांत ज्ञानदान आणि आरोग्यसेवा ही धर्माचीच अंगे मानली. या परंपरेला साजेशी पुढची पायरी फार खर्चाची नाही. महिला मंडळांच्या बैठकांत, स्वाध्यायाच्या वेळी आणि ऊसतोडीला निघणाऱ्या भगिनींच्या वस्तीवर ही माहिती साध्या शब्दांत पोहोचावी. सासूने सुनेला आणि मुलीने आईला निःसंकोच विचारावे, 'काही त्रास तर नाही ना?' हा प्रश्न घराघरांत सहज विचारला जाऊ लागला, तर कोणाचे गर्भाशय भीतीपोटी जाणार नाही आणि कोणाचा जीव लाजेपोटी जाणार नाही.

जय जिनेंद्र.