भिंतीवरचे रेशीम
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर साहित्य, संगीत आणि तत्त्वज्ञान यांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. मी बी. ए. झालेला, तीस वर्षे केंद्र सरकारच्या फाइलींवर टिपणे लिहीत आलेला माणूस. कलेवर बोलण्याचा अधिकार मला नाही. तरीही कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा ‘भिंतीवरचे रेशीम’ असे उत्तर तोंडून निघून गेले, कारण गेली दोन वर्षे आमच्या घरात या एकाच विषयावर वाद चालला होता.

वादाचे निमित्त चीनमधून आले. माझ्या कन्येने व्हाइटफील्डला घर घेतले तेव्हा जावईबापूंनी कामानिमित्त केलेल्या प्रवासातून एक रेशमी चित्र आणले. लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट. बांबूचे बन, तळे आणि तळ्याकाठी दोन करकोचे. हे हाताने गाठी मारून केलेले आहे, असे त्यांनी सांगितले. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट उलटून पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही. मी चित्र भिंतीवरून उतरवून उलटले. मागच्या बाजूलाही तेच करकोचे दिसत होते, फक्त रेशमाच्या बारीक ठिपक्यांचे. यंत्राने केलेल्या मालाची पाठ बहुधा डिंकाने चिकटवलेल्या कापडाखाली झाकलेली असते. येथे झाकण्यासारखे काही नव्हते.

हे तंत्र गालिच्याचे. उभ्या ताण्याच्या दोन धाग्यांभोवती रंगीत रेशमाचा वेढा द्यायचा, टोक कापायचे, पुढची गाठ घ्यायची. एक ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून पंजाने ठोकायचा. पुण्याच्या येरवडा तुरुंगातील नावाजलेले गालिचे याच रीतीने होत. तेथे लोकर किंवा सूत, येथे रेशीम. मी फूटपट्टी लावून मोजले, तर एका इंचात वीस गाठी भरल्या. म्हणजे चौरस इंचाला ४००, आणि सबंध चित्रात ३,४५,६००. कारागिराने दिवसाला आठ हजार गाठी मारल्या असे धरले, तरी एका चित्रापायी त्रेचाळीस दिवस गेले. त्या दिवसापासून ते चित्र पाहताना मला करकोच्यांआधी बोटे दिसू लागली.

पुढे वाचनात आले की चिनी रेशीमकलेचे खरे वैभव या गाठींच्या कामात नाही. ते आहे ‘केसी’ नावाच्या विणकामात. या शब्दाचा अर्थ ‘कापलेले रेशीम’ असा लावतात. मागावर साध्या रेशमाचा ताणा चढवायचा, खाली चित्र ठेवून त्याच्या कडा शाईने ताण्यावर उतरवायच्या, आणि मग प्रत्येक रंगासाठी वेगळा छोटा धोटा घेऊन तो रंग जेवढ्या जागेत हवा तेवढ्यातच फिरवून परत आणायचा. बाणा या काठापासून त्या काठापर्यंत सलग जातच नाही. दोन रंग शेजारी येतात तेथे बारीक फट राहते. प्रकाशात धरले की चित्राच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसतात. सुंग राजवटीत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांत, या मागावर थोर चित्रकारांची चित्रे विणली गेली. सुझोऊच्या परिसरात ही कला अजून जिवंत आहे. २००९ साली युनेस्कोने चीनच्या रेशीमपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यात तिचाही समावेश आहे.

भगिनींच्या लक्षात आलेच असेल की मी पैठणीचे वर्णन करीत आहे.

पैठणीचा पदरही असाच विणतात. आसावलीची वेल, मुनिया, बांगडी-मोर, अजिंठ्याचे कमळ, यांतला प्रत्येक रंग स्वतंत्र कांडीने आपल्यापुरत्या जागेत भरला जातो. फरक एवढाच की आपला विणकर शेजारच्या दोन रंगांचे बाणे बहुधा एकमेकांत अडकवतो, म्हणून फट राहत नाही. हातमागाची पैठणी सुलट पाहा की उलट पाहा, मोर तोच. यंत्रमागाच्या नकलेत मात्र मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. जावईबापूंच्या करकोच्यांना मी जी परीक्षा लावली तीच येथेही लागू पडते. हे सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “ही परीक्षा माझ्या आजीलाही ठाऊक होती, तुम्हाला कळायला चीनला जावे लागले.”

आपल्याकडे अभिमानाच्या भरात पैठणीचा उल्लेख थेट पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथापर्यंत नेतात. ग्रंथात पैठणचे नाव आहे, पण तेथून भडोचला गाड्यांतून जात होता तो अकीक; कापड जात होते ते तेरहून. रेशमाच्या बाबतीत आपण चीनचे ऋण मोकळेपणाने मान्य करावे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त ‘चीनपट्ट’ आहे, आणि ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकाच्या अखेरीस कालिदासाने ध्वजासाठी ‘चीनांशुक’ हाच शब्द योजला आहे.

आणि आता आपले बंगळूर. टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूर राज्यात रेशीमशेती आणली. पुढे जमशेटजी टाटांनी जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने येथे रेशीमफार्म काढला. बसवनगुडीच्या बाजूला ते नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि येथून तासा-दोन तासांच्या अंतरावर रामनगरचा कोषांचा मोठा बाजार भरतो. येवल्याच्या विणकरांकडे जाणाऱ्या रेशमाचा मोठा भाग बंगळूरहून जातो, जर सुरतेहून येते. आपण इकडे नोकरीसाठी आलो आणि आपल्याकडच्या लग्नातल्या पैठणीचा धागा इकडून तिकडे गेला. ही देवघेव आपल्या फार कमी जणांना ठाऊक असते. मलाही बंगळूरला येऊन सहा वर्षे होईपर्यंत ती ठाऊक नव्हती.

आता वादाकडे वळतो. कन्येच्या घरी चिनी चित्राशेजारची भिंत रिकामी होती. ती म्हणाली, “बाबा, आजीच्या पैठणीचा पदर कापून काचेत बसवू या.” ही पैठणी माझ्या आईच्या लग्नातली, नऊवारी, जांभळी, नारळी काठांची. आई गेल्यानंतर ती आमच्या लोखंडी ट्रंकेत नागपूर, डेहराडून, पुन्हा नागपूर आणि बंगळूर अशी बदल्यांबरोबर फिरली. तिला कात्री लावायची ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी बरेच कठोर बोललो. ‘वारसा’, ‘संस्कार’ असे शब्दही माझ्या तोंडून निघाले.

मुलीने उलट उत्तर दिले नाही. ती ट्रंक उघडून बसली. वरून नेसू अखंड दिसत होते. उलगडले तेव्हा प्रत्येक घडीवर ते चिरले होते, अगदी रेघ मारल्यासारखे. तीस वर्षे आम्ही एकदाही घडी मोडली नव्हती. डांबरगोळ्या थेट कापडावर ठेवल्या होत्या. त्या जागी जर काळवंडली होती. तिला ऊन लागले नाही, वाळवी लागली नाही, कुणी ती नेसलेही नाही. आम्ही तिला जपले, आणि जपतानाच फाडले. पदर तेवढा सर्वांत वर असल्यामुळे बराचसा वाचला होता.

मी निरुत्तर झालो. पण कात्रीला होकार दिला नाही. कारण त्याच सुमारास जावईबापूंच्या चित्राचेही वर्तमान कळले होते. पश्चिमेच्या खिडकीसमोर तीन वर्षे टांगल्यामुळे एका बाजूचे बन फिके पडले होते. रेशमाला उजेड सोसत नाही, मग ते चीनचे असो की येवल्याचे. म्हणजे पेटीत ठेवले तरी नाश आणि भिंतीवर लावले तरी नाश, असा पेच उभा राहिला.

वाट सापडली ती पुन्हा चिनी परंपरेतच. चित्रांच्या गुंडाळ्या तेथील जुने रसिक बारा महिने टांगून ठेवीत नसत. ऋतू, सण किंवा पाहुणा पाहून एखादी गुंडाळी उलगडायची, काही दिवस पाहायची, पुन्हा गुंडाळून पेटीत ठेवायची. आम्ही तेच केले. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर धुतलेली मलमल गुंडाळली आणि तिच्यावर सबंध नऊवारी, पदर शेवटी येईल अशी. चिरलेल्या जागी कन्येने मागून मऊ सुती कापड लावून सैल टाके घातले. गुढीपाडव्याला आणि गणपतीत नळी दोन खुंट्यांवर ठेवायची आणि पदर तेवढा खाली सोडायचा. घडी पडत नाही, कात्री लागत नाही, आणि ऊन वर्षातून पंधरा दिवसांपलीकडे दिसत नाही. ज्यांना काचेतच बसवायचे आहे त्यांनी एवढे करावे की काच कापडाला टेकू देऊ नये. मध्ये पट्टी घालून अंतर ठेवावे आणि भिंत ओलीची नसावी.

आणखी एक सांगून ठेवतो. जुनी पैठणी ‘वजनावर’ विकत घेणारे दारावर आले तर ते जरीतील चांदीसाठी ती जाळणार आहेत, हे समजूनच काय तो निर्णय घ्यावा. आमच्या आत्याबाईंची तशीच गेली. त्या पैशांतून त्यांनी प्रेशर कुकर घेतला, आणि तो मात्र पुढे खूप वर्षे टिकला.

माझ्या मागे पडद्यावर सोडलेला जांभळा पदर आपण मघापासून पाहत आहात. तो तोच आहे. उजव्या कोपऱ्यातल्या मोराचा एक डोळा हिरवा आणि एक पिवळा आहे. विणकराचा धागा संपला असेल किंवा त्याची लहर असेल. आईला हे ठाऊक होते की नाही, ते विचारायचे राहून गेले.

सभागृहातील दिवे प्रखर आहेत, म्हणून तो आणखी दहा मिनिटेच राहील. ज्यांना जवळून पाहायचे आहे त्यांनी पुढे यावे, उलट बाजूही पाहावी. नंतर नळी धरायला मला दोन माणसे लागतील. हात धुऊन, अंगठ्या काढून यावे, एवढी विनंती.