आडनावातील गाव



शिरूर तालुक्यातील न्हावरे गावात गावकऱ्याला 'न्हावरेकर' म्हणून हाक मारण्याचे कारणच पडत नाही. तेथे सारेच न्हावऱ्याचे. वेस ओलांडून तो परमुलखात स्थिरावला, की त्याची ओळख गावाच्या नावाने सांगितली जाते. 'कर' हा प्रत्यय असा गाव सोडलेल्यांनी जपलेला आहे.

होळ गावचे ते होळकर. मंगेशीचे म्हणून मास्टर दीनानाथ मंगेशकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. परंतु त्यांच्या जगद्विख्यात आडनावाचे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या त्यांच्या गावाशी जोडलेले आहे. घराणी भिन्न समाजांतील, रीत मात्र एकच.

याची दुसरी बाजूही शिरूर तालुक्यातच दिसते. तळेगाव ढमढेरे या गावाने घराण्याचे नाव धारण केले, तर रांजणगाव गणपती या गावाने दैवताचे. माणसाने गावाचे नाव मिरवावे आणि गावाने माणसाचे, असा हा दुहेरी ऋणानुबंध आहे.

स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा त्रिपदी नावात कुळाची स्मृती वाहते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची प्रथाही त्यातलीच. या मालिकेत मातेचे स्थान मात्र पुसट झाले होते. वास्तविक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच भूमीवर राज्य करणारा सातवाहन सम्राट 'गौतमीपुत्र' म्हणवून घेत होता. 2024 साली महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाने जुन्याच संस्काराचे स्मरण झाले.

तथापि एका विकृतीकडे डोळेझाक करून चालणार नाही. नवख्या माणसाला आडनाव विचारले जाते, ते पुष्कळदा त्याची जात ताडण्यासाठी. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने 2020 साली घेतला. पण आडनावामागची जात हुंगण्याची सवय शासननिर्णयाने जाणारी नाही. ती घराघरांतूनच जावी लागेल.

गावावरून पडलेले आडनाव येथे मार्गदर्शक ठरते. एका गावचे दोघे भिन्न जातींचे असूनही एकच आडनाव लावू शकतात. कारण ते नाव ज्या मातीचे, ती दोघांचीही आहे. शहरात वाढणाऱ्या मुलाला आडनावातील गाव एकदा प्रत्यक्ष दाखवावे. तेथे केवळ आपल्या भावकीचेच नव्हे, तर प्रत्येक आळीचे दार त्याने ओलांडावे. तेव्हाच त्या आडनावाचा पूर्ण अर्थ त्याला उमगेल.