चपटें टॅपेट कीं रोलर टॅपेट?

नागपूरच्या कोणत्याही बुलेट-मिस्त्र्याचें काम क्षणभर उभें राहून पाहा. जुनी, बिडाच्या एंजिनाची बुलेट आली म्हणजे तो बाजूचें लहानसें झांकण काढतो, पिस्टन वर आणतो, आणि पुशरॉड दोन बोटांच्या चिमटींत धरून फिरवून पाहतो. पुशरॉड सहज फिरला पाहिजे, पण वरखालीं हालतां कामा नये. या परीक्षेस तो 'टॅपेट सेट करणें' म्हणतो. अमेरिकन लोक ज्यास लिफ्टर म्हणतात तेंच हें टॅपेट. कॅमशाफ्ट आणि पुशरॉड यांच्यामध्यें उभें असलेलें, अंगठ्याएवढ्या जाडीचें हें लोखंडी नळकांडें. त्याच्याविषयीं आज बोलावयाचें आहे. आणि या विषयाचा प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीनें आला असल्यामुळें ती चूक आधीं सांगून टाकतों.

माझे एक तरुण स्नेही वाडीच्या बाजूस एका शेडमध्यें जुन्या मोटारी दुरुस्त करतात. गेल्या उन्हाळ्यांत त्यांनीं एका जुन्या शेव्हरोलेचें ३५० घन इंचांचें, आठ सिलिंडरांचें एंजिन बांधावयास घेतलें. नुसती दुरुस्ती करावयाची नव्हती. झडपा अधिक उंच व अधिक वेळ उघडणारा नवा कॅमशाफ्ट बसवून एंजिनाचें बळ वाढवावयाचें होतें. टॅपेटें चपटीं आणि नवीं होतीं. एंजिन प्रथम चालू करण्याच्या दिवशीं त्यांनीं मला बोलाविलें. सुरू होतांच कोठून तरी तेल झिरपतांना दिसलें, आणि मीं म्हटलें, "जरा हळू ठेवा, पाहूं." दहा मिनिटें एंजिन मंद गतीनें चाललें, दोनदां बंद केलें, दोनदां पुनः सुरू केलें. चौथ्या दिवशीं एका बाजूनें टिकटिक येऊं लागली. तेल काढलें तों त्यांत चांदीच्या वर्खासारखी चकाकी! कॅमचा एक उंचवटा अर्धाअधिक झिजून गेला होता आणि त्याचा चुरा बेअरिंगांपर्यंत पोंचला होता. सारें एंजिन पुनः उघडावें लागलें. स्नेही मला एक शब्दही बोलले नाहींत, आणि तेंच मला अधिक लागलें.

असें कां झालें? चपटें टॅपेट नांवापुरतेंच चपटें असतें. त्याच्या तळास अगदीं किंचित् फुगवटा असतो, आणि कॅमचा उंचवटा एका बाजूस कणभर उतरता घांसलेला असतो. त्यामुळें उंचवटा तळाच्या ऐन मध्यावर न टेकतां थोडा बाजूस टेकतो, आणि टॅपेट स्वतःभोंवतीं हळूहळू फिरत राहतें. तें फिरतें म्हणूनच जगतें. फिरणें थांबलें कीं झीज एकाच जागीं होते, आणि मग दोघांचाही नाश ठरलेला. नवे पृष्ठभाग एकमेकांशीं जुळेपर्यंत, म्हणजे पहिलीं वीस मिनिटें, एंजिन मिनिटास दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावें लागतें. कारण कॅमवर पडणारें तेल मुख्यतः फिरत्या क्रँकशाफ्टवरून उडून येतें, व मंद गतींत तें पुरेसें उडत नाहीं. हें मला ठाऊक होतें. झिरपत्या तेलाचे चार थेंब पाहून मी तें विसरलों, इतकेंच.

दुसरें कारण तेलाच्याच पोटांत आहे. जस्त आणि फॉस्फरस यांचें एक संयुग तेलांत घातलेलें असतें. तें दाबाच्या जागीं पातळ पापुद्रा धरून धातूस वांचवितें. परंतु धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकास फॉस्फरस बाधतो, म्हणून २००४ च्या अमेरिकन मानकानें पेट्रोल-मोटारींच्या पातळ तेलांतील फॉस्फरस शेंकडा ०.०८ च्या आंत आणला. नव्या मोटारींस त्याची अडचण भासत नाहीं. जुन्या चपट्या टॅपेटांस भासते. ट्रकांच्या डिझेल-तेलांत हें द्रव्य सामान्यतः अधिक असतें, हें आपल्याकडील मिस्त्री अनुभवानें जाणतात.

आतां रोलरकडे वळूं. येथें टॅपेटाच्या तळाशीं एक लहानसें चाक असतें, तें सुईसारख्या बारीक बेअरिंगांवर फिरतें, आणि घांसण्याच्या जागीं लोळणें येतें. लाभ केवळ झीज टळण्याचा नव्हे. चपट्या टॅपेटास वेगाची एक भूमितीय मर्यादा असते. शेव्हरोलेचें टॅपेट ०.८४२ इंच व्यासाचें, म्हणजे अर्धव्यास ०.४२१ इंच. कॅम एक अंश फिरला तर टॅपेट जास्तींत जास्त सुमारें ०.००७३ इंच उचललें जाऊं शकतें. त्याहून अधिक घाई केली तर कॅमचें टोंक टॅपेटाच्या कडेबाहेर जाऊन कडच खाऊं लागेल. एंजिन मिनिटास सहा हजार फेरे घेत असेल आणि झडप २५० अंश उघडी राहत असेल, तर तिला उघडून मिटावयास मिळतात एका सेकंदाचे सुमारें सात सहस्रांश! एवढ्या अवधींत झडप लवकर पूर्ण उंचीवर नेणें, हें रोलरचें खरें सामर्थ्य. मात्र एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहींत. झडप बैठकीवरून सुटतांना पहिली उसळी चपटें टॅपेटच अधिक चांगली देऊं शकतें. म्हणून सौम्य, थोड्या अवधीच्या कॅममध्यें रोलरचा लाभ फारसा उरत नाहीं. साध्या रस्त्याच्या गाडीस केवळ हौसेखातर रोलर बसविणाऱ्यास मी उत्तेजन देणार नाहीं.

पुढें खर्च. शेव्हरोलेनें मोटारींच्या याच जातीच्या एंजिनांत १९८७ पासून रोलर टॅपेटें कारखान्यांतूनच बसविलीं. पण आमचें एंजिन त्यापूर्वीचें. रोलर टॅपेट स्वतःभोंवतीं फिरून चालत नाहीं, तें सरळच राहिलें पाहिजे. म्हणून जुन्या एंजिनांत दोन-दोन टॅपेटें पट्टीनें जोडलेलीं घ्यावीं लागतात. चपट्या टॅपेटांच्या कॅमशाफ्टला उंचवट्यांचा उतार मागें दाबून धरतो. रोलरच्या कॅममध्यें उतार नाहीं, तेव्हां तो पुढें सरकूं नये म्हणून बंदोबस्त करावा लागतो. कॅम पोलादी असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा नेहमींचा बिडाचा गिअर त्यापुढें टिकत नाहीं. कांशाचा चालतो, पण तो स्वतः झिजतो. टॅपेटें उंच, म्हणून पुशरॉड आंखूड. स्प्रिंगाही निराळ्या. हें सारें मोजून पाहिल्यावर केवळ टॅपेटांची किंमत ऐकून हुरळून जाणाऱ्याचा हुरूप ओसरतो.

रोलरांतही दोन कुळें आहेत. एकांत तेलाच्या दाबानें फट आपोआप भरून निघते. आपल्याकडे २००९ सालीं आलेल्या क्लासिक बुलेटींत हायड्रॉलिक टॅपेटें आलीं, तेव्हां चिमटींत पुशरॉड फिरविणाऱ्या मिस्त्र्यांना चुकल्यासारखें झालें होतें. दुसरें कूळ घन टॅपेटांचें. त्यांस फट ठेवून वारंवार तपासावें लागतें. पण तीं अधिक फेरे सोसतात, कारण आंत दबणारें कांहीं नसतें. शर्यतीच्या एंजिनांत घन रोलर योग्यच. परंतु त्यांच्या स्प्रिंगा फार कडक. झडपेवर ३०० पौंडांचा भार असला तर रॉकरच्या दीडपट प्रमाणानें टॅपेटावर ४५० पौंड येतात, आणि शर्यतीच्या स्प्रिंगा याहूनही पुष्कळ जड असतात. तो सारा भार त्या सुईएवढ्या बेअरिंगांवर. सिग्नलवर मंद गतीनें घुरघुरत उभें राहिलें कीं त्यांस उडतें तेल मिळत नाहीं. एक बेअरिंग फुटलें तर सुया सरळ एंजिनाच्या पोटांत.

स्नेह्यांची गाडी शर्यतीस जाणार नाहीं. ती वर्धा रोडवर आणि सीताबर्डीच्या गर्दींतच फिरणार. तेव्हां घन रोलर मीं प्रथमच बाजूस सारले. उरला प्रश्न आपल्या उन्हाळ्याचा. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेल तापून पातळ होतें, आणि पातळ तेल हायड्रॉलिक टॅपेटांतून लवकर निसटतें. म्हणून एंजिनाची गति साडेपांच हजारांवर नेणारा कॅम घ्यावयाचा नाहीं, आणि तेल २०डब्ल्यू-५० हेंच ठेवावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. चपटींच टॅपेटें पुनः बसवून या वेळीं वीस मिनिटें नीट पाळावीं, असाही विचार मीं मांडला होता. खर्च निम्म्याहून कमी झाला असता. स्नेही हंसले आणि म्हणाले, "काका, त्या वेळीं पुनः तेल झिरपलें तर?"

हायड्रॉलिक रोलर टॅपेटें, कॅम आणि गिअर येऊन पडले आहेत. बेअरिंगें नवीं बसलीं आहेत. तेलाचे सर्व मार्ग तीनदां धुऊन काढले, कारण पूर्वींच्या चुऱ्याचा एक कण जरी राहिला तरी तो प्रथम या टॅपेटांतच अडकावयाचा. आतां पुशरॉडची लांबी ठरवावयाची राहिली आहे. ती पुस्तकावरून घेतां येत नाहीं. लांबी बदलतां येणारा एक पुशरॉड बसवून ती प्रत्यक्ष मोजून ठरवावी लागते. तें काम येत्या रविवारीं सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, आम्ही दोघे करणार आहों.