रिकामे राहणारे धरण

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भरलेले पाणी येते. तलाव भरला की गाव निश्चिंत होते. आज मी ज्या धरणाविषयी बोलणार आहे, त्याचे यश मात्र बहुतेक काळ रिकामे राहण्यात आहे.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात वाशिटा नदीचे खोरे आहे. एप्रिल १९३४ मध्ये तेथील हॅमन गावाजवळच्या महापुरात १७ माणसे दगावली. उघड्या पडलेल्या जमिनीवरून पाणी धावत सुटे, माती नेई आणि खालची शेते गाळाने भरून टाकी. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यान्वये निवडलेल्या खोऱ्यांत वाशिटाचा समावेश झाला. १९४८ साली कॉर्डेल गावाजवळील क्लाउड क्रीक या ओढ्यावर अशा प्रकारचे पहिले छोटे मातीचे धरण उभे राहिले. १९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर पसरली. आज तेथे अशी सुमारे १२ हजार धरणे आहेत.

त्यांची रचना साधी आहे. तळाशी गाळासाठी जागा राखलेली असते. त्यावरची मोठी जागा मोकळी ठेवतात. पूर आला की ती भरते आणि बांधातून काढलेल्या नळातून पाणी काही दिवसांत सावकाश खाली जाते. त्याहून मोठा पूर आल्यास पाणी बाजूच्या, गवत राखलेल्या सांडव्यावरून निघून जाते. कारण मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, तर बांध टिकत नाही. वरच्या शेतांत बांधबंदिस्ती व गवताची लागवड झाली, तरच धरण गाळाने लवकर भरत नाही.

परंतु या यशातच एक धोका आहे. पूर येईनासा झाला की लोक पूर विसरतात आणि धरणाखाली घरे बांधतात. यांतील बहुतेक धरणांचे आयुष्य ५० वर्षे धरलेले होते. ती जुनी झाल्यावर त्यांच्या दुरुस्तीसाठी २००० साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

हा धडा आपल्यालाही दूरचा नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालची वाडी वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती, हे नंतर पुढे आले.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर आपल्या गावच्या बांधावरून एकदा चालत जा. झाडे वाढली आहेत काय, उंदीर-घुशींनी बिळे केली आहेत काय, बांध कोठे खचला आहे काय, पायथ्याशी गढूळ पाणी झिरपते काय, सांडवा मोकळा आहे काय, हे पाहा व तारखेनिशी नोंदवहीत लिहा. शिक्षकांनी मुलांना बरोबर न्यावे. तक्रार लेखी करा आणि उत्तर येईपर्यंत तिचा पाठपुरावा सोडू नका. नाल्याच्या पात्रात घर बांधण्यास परवानगी देऊ नका. बांध शासन बांधते; त्याच्यावर रोजची नजर मात्र गावाचीच असते.